चिंचोक्यांची तालीम

४ नोव्हेंबर १९७३, माधवनगर

ही डायरी यांना मिलमध्ये एका सूत-व्यापाऱ्याने नव्या वर्षाची भेट म्हणून दिली होती. हे स्वतः काही लिहिणाऱ्यांतले नाहीत, त्यामुळे ती कपाटात कोरीच पडून होती. वर्ष संपत आल्यावर मी ती उघडली आहे. उशिरा का होईना, सुरुवात केली म्हणायची.

कारण सांगते. मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, गणपतीच्या आधी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. काल मिरजेहून डॉक्टर आले होते. ते म्हणाले, जिभेत आता तसा दोष नाही, मामा बोलू शकतील, पण त्यांना बोलावंसं वाटलं पाहिजे. त्यांच्याशी बोलत राहा, उजव्या हाताच्या बोटांना काही ना काही काम द्या. हा हंगाम असाच मुका गेला तर मात्र पुढे अवघड आहे.

सांगायला सोपं आहे. आमच्याकडे सून सासऱ्यापुढे पदर सावरून ताट ठेवते आणि मागे सरते. लग्न होऊन तीन वर्षं झाली, मामांशी माझं बोलणं म्हणजे ‘वाढू का’ आणि ‘पाणी देऊ का’. हे दिवसभर मिलच्या ऑफिसात. राहिल्या आत्या, म्हणजे सासूबाई. त्या आयुष्यभर नवऱ्याशी भांडणाखेरीज बोलल्या नाहीत, आणि आजारी माणसाशी भांडायचं कसं, म्हणून त्यांचीही पंचाईत झाली आहे. भिंतीकडे तोंड करून ते पडलेले असतात. दोन घास खातात आणि ताट डाव्या हाताने सरकवतात.

मीच बोलायला हवं. पण आषाढापासून माझंच बोलणं आटलं आहे. त्याबद्दल इथे लिहायचं नाही असं मी ठरवलं आहे.

११ नोव्हेंबर

आज घरात एक खूळ शिरलं. शिरवलं आकारामतात्यांनी.

तात्या मामांचे लहानपणापासूनचे दोस्त. एके काळचे पैलवान, मग पलटणीत गेले, आता म्हशी पाळतात आणि आमच्याकडे दूध घालतात. हंगामात दोघे मिळून एकही मैदान सोडत नसत. आष्टा म्हणू नका, कडेगाव म्हणू नका, थेट साताऱ्यापर्यंत जत्रेच्या कुस्त्या बघायला जायचे आणि घसा बसवून परत यायचे. आज तात्या दुधाची चरवी ठेवून मामांच्या खाटेशी बसले. ‘जयपाल, आवंदा मैदानं सुरू झाली की गड्या,’ एवढंच म्हणाले, तर मामांनी डोळे मिटून घेतले. तात्यांचा चेहरा बघवेना.

मग त्यांनी पलटणीतली एक गोष्ट काढली. ‘कलकत्त्याला हुतो तवा तिथं फुटबालाचा लय नाद. मैदानावर जायाला आमाला सुट्टी कुठली? मग रेडिओपुढं बसून आमी खेळाडू वाटून घ्यायचो. ह्यो तुजा, ह्यो माजा. माज्या गड्यानं गोल मारला की माजा एक खडा. आरं, बॅरकीत बसून आमी टीमा चालवायचो.’

तसंच पैलवानांचं करायचं. प्रत्येकाने पाच पैलवान निवडायचे, ती त्याची तालीम. एकाने घेतलेला दुसऱ्याला नाही. पैलवानाने मैदानात समोरच्याला चीतपट केलं तर चार चिंचोके, बरोबरीत सुटली तर एक, हरला तर काही नाही. अक्षय तृतीयेला वाट्या मोजायच्या. जो सगळ्यांत मागे राहील त्याला पुढच्या हंगामात पहिली निवड. निकाल पेपरातून घ्यायचे, आणि जे पेपरात येत नाहीत ते तात्या मैदानावरून आणणार.

मामा डोळे मिटूनच होते. तात्यांनी आपला पहिला पैलवान सांगितला, कडेगावचा नाथाजी. मामांनी डोळे उघडले आणि डावा हात जोरात हलवला. नाथाजी त्यांना हवा होता. तात्या लगेच मागे सरले. मग पेपरातली नावं मी मोठ्याने वाचायची आणि मामांनी हाताने हो-नाही करायचं, असं करत त्यांची तालीम भरली. माझं वाचून झालं तेव्हा लक्षात आलं की पदर खांद्यावर आला होता आणि कुणी काही म्हटलं नव्हतं.

तिसरा भिडू पाहिजे म्हणून तात्यांनी मला ओढलं. मी आजवर कुस्ती पाहिलेली नाही. बायका मैदानावर जात नाहीत. आमच्याकडे कुस्तीची ओळख म्हणजे लोण्याचा गोळा आणि पिळून वाळत घातलेला लंगोट. चार नावं मी अशीच घेतली. पहिलं मात्र मी विचार न करता सांगितलं, आष्ट्याचा गुंडा.

तात्या हसले. ‘आगं पोरी, त्यो अजून नारळावरच्या कुस्त्या खेळतुया. त्याचं नाव कोन छापतंय?’ हे म्हणाले, माहेरचा म्हणून घेतला. मी हो म्हटलं. आत्या दारात शेंगा फोडत बसल्या होत्या, त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

२५ नोव्हेंबर

गुंडा हरला. तात्यांनी सकाळी येऊन सांगितलं, लहान कुस्त्यांमध्येच पाठीवर पडला. नाथाजीने मात्र मोठी कुस्ती मारली, मामांच्या वाटीत चार चिंचोके पडले. डॉक्टरांनी सांगितलं आहे म्हणून मी वाटी त्यांच्या उजव्या हाताखाली धरली. बोटं नुसती थरथरली. शेवटी डाव्यानेच टाकले.

मला हसू यायला हवं होतं. कुठल्या तरी पोराची कुठल्या तरी गावातली कुस्ती. पण मला दिवसभर अन्न गेलं नाही. न्हाणीघरात जाऊन रडले आणि डोळ्यांत चुलीचा धूर गेल्याचं सांगितलं. चूल तोवर विझलेली होती. आत्यांनी चुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग म्हणाल्या, ‘जा, पड जरा.’

२ डिसेंबर

आत्यांचं तात्यांशी काहीतरी बिनसलं आहे. पहाटे मागच्या दाराशी दोघे किती तरी वेळ खालच्या आवाजात बोलत होते. तात्या ‘आवं वैनी, पर...’ म्हणत होते आणि आत्या त्यांना पुढे बोलू देत नव्हत्या. दुधात पाणी असतं अशी त्यांची जुनीच तक्रार आहे. माझ्या मते दूध चांगलं येतं. आत्यांना कुणाचं चांगलं म्हणणं जमत नाही.

पण आजची खरी बातमी वेगळी. गुंडा जिंकला! काल एका जत्रेत त्याने समोरच्याला चीतपट केलं. तात्यांनी सांगितलं तेव्हा ते चरवीच्या बुडाकडे बघत होते. मी विचारलं, कुठल्या डावावर? ते म्हणाले, ढाकेवर. मला ढाक म्हणजे काय ते कळत नाही, पण चार चिंचोके वाटीत पडताना जो आवाज आला तो मी पुन्हा ऐकावा म्हणून वाटी दोनदा हलवली. मामा बघत होते. मला वाटतं, ते हसले. तोंड एका बाजूनेच हलतं म्हणून नीट सांगता येत नाही.

२० डिसेंबर

आत्यांनी तालीम काढली! आधी कित्येक दिवस ‘आमटीला चिंच न्हाई आन् ह्यांचे चिंचोक्यांचे खेळ’ असं चालू होतं. आठ-दहा दिवसांपूर्वी एका दुपारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, मलाही पाच द्या. त्यांची निवडायची तऱ्हा निराळी. पैलवानाच्या घरी म्हैस कितव्या वेताची आहे, आई धड आहे का, सूनबाई खाऊ घालते का, हे त्या तात्यांना विचारतात. कडेगावच्या नानासोची आई त्यांना बाजारात भेटलेली, म्हणून नानासो पहिला. या नानासोने आल्या आल्या दोन कुस्त्या घालवल्या. आत्यांनी पैलवानाला दोष दिला नाही. बाई घरचं ताक पोराला न देता विकत असणार, म्हणाल्या.

पण त्या निमित्ताने त्या मामांच्या खाटेशी बसतात. नाथाजी बरोबरीत सुटला की त्यांना टोमणे मारतात. मामा डाव्या हाताने त्यांना हुसकतात. दोघांचं भांडण पूर्ववत सुरू झालं, घर कसं घरासारखं वाटतंय. मामा आता अख्खी भाकरी खातात.

बोलत मात्र अजून नाहीत.

१५ जानेवारी १९७४

नवी डायरी यांनी आपणहून आणून दिली. पहिल्या पानावर लिहावी अशीच गोष्ट काल घडली.

संक्रांतीचा तिळगूळ द्यायला तात्या आले. मामांच्या खाटेभोवती आम्ही सगळेच होतो. तात्यांनी गुंडाची कुस्ती सांगायला घेतली. जोड लागली, हातात हात मिळाले, आणि तेवढ्यात हलगीला बुजलेलं एक खोंड दावं तोडून थेट मैदानात घुसलं. पंच पळाले, समोरचा पैलवान पळाला, हलगीवाला झाडावर चढला. गुंडा एकटा उभा. त्याने खोंडाला शिंगाला धरून बाहेर नेलं, खांबाला बांधलं, अंगाला माती लावली, परत आला आणि म्हणाला, ‘ऱ्हायलेली कुस्ती कोन खेळतंय?’

मामांच्या घशातून घरघर आली. मी घाबरून उठलेच. मग कळलं की ते हसत होते. डोळ्यांतून पाणी, डावा हात खाटेवर आपटतोय, आणि तात्यांकडे बोट दाखवून ते हसत होते. झटक्यानंतर त्यांच्या तोंडून निघालेला पहिला आवाज होता तो. आमच्या गुंडाने काढला!

हे म्हणाले, ‘ही खोंडाची गोष्ट मी लहानपणी कुठंतरी...’ तेवढ्यात आत्यांनी यांना तिळगुळाचा डबा आणायला पिटाळलं. डबा यांच्या पुढ्यातच होता. आनंदात माणसाला काही दिसत नाही, हेच खरं.

७ फेब्रुवारी

काल माघी पौर्णिमेला पलीकडच्या गावची जत्रा होती. मैदान आमच्या घरापासून इतकं जवळ की हलगी ऐकू येते. आत्या म्हणाल्या, शेवया वाळत घालायच्या आहेत, चल माडीवर. शेवया कसल्या, पाटी रिकामीच होती. आम्ही दोघी कठड्याशी उभ्या राहून लाउडस्पीकर ऐकत होतो. जोडीची नावं पुकारली की आरोळी उठायची. आत्यांच्या नानासोचं नाव आलं तेव्हा त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. नानासो जिंकला. आत्या माडीवर एकट्याच टाळ्या वाजवत होत्या.

मी गुंडाच्या नावासाठी कान देऊन होते. उन्हं उतरली, आम्हाला दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं, तरी खाली जाववेना. नाव आलंच नाही. मी म्हटलं, आत्या, गुंडाला पुकारलं नाही. त्या म्हणाल्या, ‘वारं उलटं हाय. न्हाई ऐकू आलं.’

आज सकाळी तात्यांनी सांगितलं की गुंडाची कुस्ती लाउडस्पीकर लागायच्या आधीच झाली. सकाळीच. जिंकला. बिचाऱ्याचं नाव पुकारलं जायचं तेवढं राहिलं. अशी कशी माणसं, आधी लाउडस्पीकर लावावा आणि मग कुस्त्या घ्याव्यात की नाही?

२४ फेब्रुवारी

रविवार आहे, सगळे लवंडले आहेत.

या खेळातून कुणाला काय हवं असतं, याचा मी विचार करत होते. तात्यांना त्यांचे जुने दिवस हवेत. गुंडाच्या कुस्त्या सांगताना ते उभे राहतात, पाय रोवतात, जणू स्वतःच माती अंगाला लावून आलेत. मामांना वस्ताद व्हायचं आहे. कुणाला कधी खेळवायचं, कुणाला विश्रांती द्यायची, हे ते हाताने ठरवतात, जणू नाथाजी त्यांच्या दारात हुकमाची वाट बघत उभा आहे. आत्यांना कोण उपाशी राहिलं ते बघायचं असतं. यांना फक्त निकालावर वाद घालायचा असतो.

आणि मला? मला वाट बघायला काहीतरी हवं होतं. लिहायचं नाही म्हटलं होतं, पण आज लिहिते. मागचं सबंध वर्ष मी एका वाटेकडे डोळे लावून होते. पहिलं बाळंतपण म्हणून आष्ट्याला गेले. आषाढात सातव्यातच पोटात दुखायला लागलं. बैलगाडी चिखलात रुतली. तेव्हा शेजारच्या घरचा गुंडा आणि आणखी तिघे बाज खांद्यावर घेऊन पळाले. गुंडा पुढे होता. दुसऱ्यांनी खांदे बदलले, त्याने दवाखान्याच्या पायरीपर्यंत बदलला नाही. बाळ राहिलं नाही. आणखी थोडा उशीर झाला असता तर मीही राहिले नसते, असं डॉक्टरीण म्हणाली. मी बरी होऊन सासरी आले आणि त्या पोराचे आभार मानायचे राहूनच गेले. त्यानंतर कशाचीही वाट बघायची मला भीती वाटायची. उद्या काय, असं मनात आलं की मी भांडी घासायला घ्यायची.

आता दर आठवड्याला मी वाट बघते, आणि दर आठवड्याला गुंडा जिंकतो. मी पहिलं नाव त्याचं का घेतलं, ते या घरात कुणालाच माहीत नाही. आईने विहीणबाईंना सांगितलं असेल तर असेल. मला नाही वाटत.

१० मार्च

मामांनी आज उजव्या हाताने चिंचोका उचलला! दोनदा निसटला, तिसऱ्यांदा वाटीत पडला. आत्या म्हणाल्या, एवढा वेळ लावला तेवढ्यात चिंचोक्याचं झाड झालं असतं. आणि आत जाऊन देवापुढे दिवा लावला.

६ एप्रिल

महावीर जयंतीच्या निमित्ताने माझा भाऊ आप्पासो आला होता. बस्तीत भगवानांचं दर्शन झालं, जेवणं झाली. त्याला सोडायला मी बसच्या थांब्यापर्यंत गेले. बऱ्याच दिवसांनी मी घराबाहेर एवढी चालले, असं तो म्हणाला. मला ते लक्षातही आलं नव्हतं.

मी म्हटलं, गुंडाने यंदा हंगाम गाजवला, नाही का? आप्पासो बघतच राहिला. म्हणाला, ‘कुठला हंगाम? त्यो भरतीला गेला की. दिवाळीनंतर पयल्याच कुस्तीत पडला, बापानं बोल लावला, दुसऱ्या आठवड्यात गडी पलटणीत. बेळगावला हाय. वर्दीतला फोटूबी आलाय.’

बस आली. मी हात केला की नाही, आठवत नाही. येताना उन्हाने डोकं तापलं होतं. ढाक, खोंड, माघी पौर्णिमा, सगळ्या कुस्त्या एकामागून एक आठवल्या. मला इतका राग आला की घरी जाऊन माझी वाटी उकिरड्यावर उपडी करावी असं वाटलं.

८ एप्रिल

केली नाही.

काल दिवसभर मी तोंड फुगवून होते. आज यांना खोंडाची गोष्ट विचारली. हे म्हणाले, ती तर तात्यांचीच, तरुणपणची, मामांनीच लहानपणी सांगितलेली. म्हणजे मामा तेव्हा मैदानावर होते. तात्या आपल्याच कुस्त्या गुंडाच्या नावावर सांगत आले आणि मामांनी त्या एकेक ओळखल्या. म्हणूनच ते हसत होते.

मग मला उमगलं. मामांना हसवायला तात्यांनी हे रचलं. मी मध्ये फक्त निमित्त. माझा राग गेला. कुणाच्या बऱ्या होण्याला आपण निमित्त झालो, याहून काय पाहिजे? मी काही बोलणार नाही. एवढंच वाईट वाटतं की गुंडा खरा जिंकलेला नाही. माझ्याकडून त्याला जे पोचतंय असं मला वाटत होतं, ते कुठेच पोचत नव्हतं.

आणि मामा अजून बोललेले नाहीत. हंगाम संपत आला.

२५ एप्रिल

आज अक्षय तृतीया. आदिनाथ भगवानांनी वर्षाचा उपवास उसाच्या रसाने सोडला तो दिवस, म्हणून आमच्याकडे सकाळीच रस येतो. तात्याही रसाला आणि वाट्या मोजायला आले. हे सुट्टी काढून घरी होते.

वाट्या मोजल्या. मी पहिली! गुंडाच्या जोरावर. माझ्यामागे तात्या, मग आत्या. मामा सगळ्यांत मागे, कारण नाथाजी फाल्गुनात खांदा दुखावून बसला. म्हणजे पुढच्या हंगामातली पहिली निवड मामांची. मी पेपर उघडला, नावं वाचायला लागले. मामांनी डाव्या हाताने पेपर खाली दाबला.

मग त्यांनी तोंड उघडलं. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. मान लाल झाली. मी पाण्याला उठणार, तर आत्यांनी मला दाबून बसवलं.

‘गुं,’ मामा म्हणाले. आणि मग अगदी स्वच्छ, ‘गुंडा.’

आकारामतात्यांच्या हातातला रस धोतरावर सांडला. हे उठून उभे राहिले. आणि मी काय करावं? आनंदाने रडावं, पाया पडावं. ते राहिलं बाजूला. मी पदर कमरेला खोचून सासऱ्यांना म्हटलं, ‘मामा, तो माझा आहे. मी देणार नाही.’

‘गुंडा,’ मामा पुन्हा म्हणाले आणि डाव्या हाताने स्वतःच्या छातीकडे बोट केलं.

तात्या गडबडले. ‘आगं पोरी, त्यो गुंडा म्हंजे... आता तुला कसं सांगू...’ आत्या त्यांना म्हणाल्या, आकाराम, रस घे गुमान. मी म्हटलं, ‘तात्या, मला ठाऊक आहे. आप्पासोने सांगितलं. मामांना हसवायला तुम्ही एवढं केलंत, तुमचे उपकार मी विसरणार नाही.’

तात्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. आत्यांकडे बघितलं. मामांनीही आत्यांकडेच बघितलं. तेव्हा कुठे मला ते मागचं दार आठवलं, आणि कधीच नसलेलं दुधातलं पाणी.

आत्या रसाच्या भांड्यात बघत म्हणाल्या, ‘ह्यांच्यासाठनं कशाला? ह्यांनी आयुष्यभर बोलून काय दिवं लावलं? तुज्या आईनं मला सांगितलं हुतं. आमची सून चिखलातनं खांद्यावर न्हेली त्या पोरानं, खांदा न बदलता. त्यो पडला आन् तू जेवली न्हाईस. मी आकारामला म्हटलं, भाईर त्यो कसाबी पडू दे, ह्या घरात त्यो हरायचा न्हाई.’

मी तिथेच खाली बसले आणि त्यांच्या मांडीत डोकं घातलं. तीन वर्षांत कधी असं केलं नव्हतं. त्यांना काय करावं कळेना. मग त्यांनी रसाचा हात पदराला पुसला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. म्हणाल्या, ‘उठ. रस आंबतुया.’

मी उठले. तात्यांना वाकून नमस्कार केला. मामांना केला. मान खाली असताना मामांनी उजवा हात, तो लुळा, सरकवत सरकवत माझ्या वाटीपर्यंत आणला, एक चिंचोका उचलला आणि माझ्याच वाटीत परत टाकला. आणि खुशीत म्हणाले, ‘गुंडा.’

हे उद्या बेळगावला पत्र टाकणार आहेत. मजकूर मी सांगणार आहे. आभार तर मानायचेच, नऊ महिन्यांचे राहिलेत. पण आणखी एक लिहायचं आहे की बाबा रे, तुला ठाऊक नाही, ती पहिली सोडली तर तू यंदा एकही कुस्ती हरलेला नाहीस, आणि माधवनगरात एक म्हातारा माणूस आणि त्याची सून तुझ्यावरून सबंध दुपार भांडली. मामांना एकच शब्द येतो, त्यामुळे त्यांची बाजू थोडी लंगडी पडली. तरी ऐकायला तयार नाहीत. मीही देणार नाही.